सिलोनचे श्रोते

डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली केंद्रात नभोवाणी मंत्री झाले नसते, तर आमच्या पिढीतल्या कितीतरी ओळखी झाल्याच नसत्या! केसकर मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. सिनेमाची गाणी त्यांना उथळ वाटत. आकाशवाणीवर ती कमी होत गेली, चित्रपटाचे नाव सांगणेही थांबले, निर्मात्यांशी वाद झाला आणि गाणी जवळजवळ बंदच पडली. श्रोत्यांनी काय करावे? रेडिओचा काटा कोलंबोवर नेला. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या सैन्यासाठी तिथे उभारलेले शक्तिशाली शॉर्टवेव्ह प्रक्षेपण केंद्र रेडिओ सिलोनच्या हाती आले होते.

३ डिसेंबर १९५२ च्या बुधवारी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सायानी मुंबईत बोलत, फिती विमानाने कोलंबोला जात आणि तिथून त्यांचा आवाज परत आपल्या माजघरात येई. सुरुवातीला फक्त सात गाणी असत व त्यांचा क्रम श्रोत्यांनी ओळखायचा असे. पुढे पायदाने आली. १९५३ च्या वार्षिक यादीत पहिले आले ते 'अनारकली'मधले लताबाईंचे गाणे, संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. केसकरांनी दाराबाहेर काढलेले संगीत दुसऱ्या एका मराठी माणसाने असे खिडकीतून घरात आणले, हे मला नेहमी गमतीचे वाटते.

क्रम ठरवताना रेकॉर्डची विक्री पाहत, तशीच श्रोता संघांची मतेही घेत. त्यामुळे गावोगाव संघ निघाले. अभ्रकाच्या खाणींचे झुमरीतिलैया नकाशात कोणी शोधले नसेल, पण फर्माइशीच्या पत्रांमुळे ते घरोघरी पोचले. रोज तीच नावे कानावर पडत. चेहरा कधी न पाहिलेल्या माणसाची आवड आपल्याला पाठ असे. अमुक गृहस्थ तलतचे, तमुक बाई गीता दत्तच्या. एखाद्याचे नाव महिनाभर आले नाही तर 'बरे आहेत ना?' अशी काळजीही वाटे.

असे दोन जुने श्रोते भेटले की गप्पांना सुरुवात लागत नाही. नाव-गाव विचारण्याआधी 'सकाळी आठच्या आधी शेवटचे कोणाचे?' हा प्रश्न येतो. उत्तर अर्थातच सैगल. जुन्या गाण्यांचा तो कार्यक्रम सैगलच्या गाण्याने संपे आणि कित्येक घरांत त्यावर शाळेची घाई ठरे. मग वाद सुरू होतात. संगीत रोशनचे की मदनमोहनचे? गाणे चित्रपटात होते की फक्त रेकॉर्डवर? आमच्या सौ. म्हणतात, एवढे भांडण वाटणीच्या खटल्यातही होत नाही.

या भांडणांना हसू नये. कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज़' हे याच श्रोत्यांपैकी. त्यांनी १९८० पासून 'हिंदी फिल्म गीत कोश'चे दशकवार खंड काढले. बोलपटांच्या पहिल्या वर्षापासूनची, म्हणजे १९३१ पासूनची गाणी त्यांत नोंदली गेली. कोणत्याही विद्यापीठाने हे काम केले नव्हते. अनेक जुन्या चित्रपटांच्या प्रतीच उरलेल्या नाहीत. गाण्याचा पत्ता राहिला तो या हौशी माणसांमुळे.

केसकरांच्याच कारकिर्दीत, ३ ऑक्टोबर १९५७ ला, विविध भारती सुरू झाली आणि सिनेसंगीत सरकारी दारातून परत आले. १९८९ मध्ये गीतमालाही तिथे आली. अमीन सायानी २० फेब्रुवारी २०२४ ला गेले.

पण दर बुधवारी रेडिओपाशी बसून पायदाने उतरवलेल्या वह्या अजून कुठे कुठे आहेत. माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांच्या तशा अकरा वह्या होत्या. ते गेल्यावर जागा रिकामी करताना त्या रद्दीत गेल्या. मुले परदेशात, शाई फिकट, आत काय आहे हे सांगणारे कोणी नाही. पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा माळ्यावरची ट्रंक उघडा. लांबट वही दिसली, पानावर बुधवारच्या तारखा असल्या, तर निदान फोटो काढून आणा. चुका आम्ही काढू. भांडायला माणसे अजून आहेत.