मानपत्र आणि दाखला

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात लाखो माणसांना धम्म दिला. दुसऱ्या दिवशी नागपूर महापालिकेनं बाबासाहेबांना मानपत्र दिलं. शहराच्या कारभाऱ्यांनी आमच्याकडं जाहीरपणे टाकलेलं ते एक पाऊल होतं. त्याला खोटं म्हणायचं कारण नाही. पण आमचा इतिहास मानपत्रापाशी संपत नाही. पुढं तो कचेरीच्या खिडकीशी उभा राहतो.

खिडकीतला सवाल एकच. जात कोणती? बौद्ध म्हटलं की सवलत बंद. कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असावा लागे. १९५६ साली त्यात शीख आले, बौद्ध नाही. म्हणजे ज्या धर्मानं पिढ्यान् पिढ्या नागवलं, त्याची भरपाई मागायची तर कागदावर त्याच धर्माचं नाव लिहा! बाप बौद्ध, दाखल्यावर मात्र हिंदू, हे असलं दुहेरी जगणं किती घरांनी भोगलं.

१ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आलं. १९६० साली महाराष्ट्र झाला आणि यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं राज्याच्या सवलती बौद्धांना दिल्या. दिल्लीला मात्र १९९० साल उजाडलं. चौतीस वर्षं! एक पिढी नोकरीच्या वयातून निघून गेली. १९९३ साली बौद्धांना अल्पसंख्याक म्हणूनही मान्यता मिळाली.

आता धंद्याचं बघा. १९७८ साली महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ निघालं. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना लहान धंद्यासाठी कर्ज द्यायचं, हे त्याचं काम. इथंही आधी दाखला, मग कर्ज. आणि ‘नवबौद्ध’ हा शब्द तर बघा. नातवंडं म्हातारी व्हायला आली, तरी सरकारदरबारी आम्ही नवेच.

पण आमचा माणूस खिडकी उघडायची वाट बघत बसला नव्हता. किसन फागुजी बनसोड्यांनी १९१० साली नागपुरातून ‘निराश्रित हिंद नागरिक’ काढलं, १९१८ साली ‘मजूर पत्रिका’ काढली. तेव्हा ना महामंडळ होतं, ना राखीव जागा. दुसरा कुणी आपलं छापणार नाही, तर छापखाना आपलाच पाहिजे, हे त्यांनी ओळखलं.

त्याच वाटेवरचे आमचे पुस्तकवाले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीजवळ त्यांची दुकानं लागतात. खेड्यापाड्यातून आलेली माणसं भाकरीच्या फडक्यातले पैसे सोडून पुस्तकं घेतात. महापालिका त्या दिवसांत नळ, दिवे, संडास, झाडलोट पुरवते. बरं करते. पण सण सरला की तंबू उठतात, आणि पुस्तकवाला पुन्हा जागेसाठी, कर्जासाठी, परवान्यासाठी खिडक्या हिंडतो.

तेव्हा मागणी साधी आहे. इंदोऱ्यात या, पाचपावलीत या. टेबल मांडा, फॉर्म आणा, दाखला तिथंच द्या. मानपत्र एकदा दिलंत. दाखला रोज लागतो.