सिद्धार्थ महाविद्यालय, मुंबई

मुंबईच्या फोर्ट भागात दादाभाई नवरोजी रस्त्यावरील बुद्ध भवनात असलेले कला व विज्ञान महाविद्यालय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ८ जुलै १९४५ रोजी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे हे पहिले महाविद्यालय २० जून १९४६ रोजी सुरू झाले. आरंभी वर्ग लष्करी बराकींत भरत. पहिले प्राचार्य संस्कृतचे पंडित अ. बा. गजेंद्रगडकर. प्रवेशाला जातीची अट नव्हती.

या महाविद्यालयाचे वेगळेपण वेळापत्रकात होते. वर्ग सकाळी घेतले जात, म्हणजे तास आटोपून विद्यार्थ्याला कचेरी गाठता येई. पोटासाठी नोकरी करणाऱ्या तरुणापुढे फीइतकाच वेळेचाही प्रश्न असतो, हे आंबेडकरांनी ओळखले होते. त्या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारी कायदादुरुस्तीही १९४६ सालचीच. कायदा आणि वेळापत्रक शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय या संस्थेचा हेतू पुरता कळत नाही.

तरीही एक मर्यादा नोंदवायला हवी. मॅट्रिक झाल्याखेरीज प्रवेश नव्हता आणि पहिल्या पाळीच्या गिरणी कामगाराला सकाळचे वर्ग गैरसोयीचेच. सोय खरी झाली ती कारकून, शिपाई अशा नोकरदारांची. फोर्टातल्या कचेऱ्या तर येथून पायी अंतरावर. अक्षरओळखीपासून सुरुवात करणाऱ्या श्रमिकांसाठी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात १८५५ मध्येच रात्रशाळा काढली होती. लंडनचे वर्किंग मेन्स कॉलेज तिच्याहून एकाच वर्षाने जुने. पदवीपर्यंतची वाट मात्र सिद्धार्थने मोकळी केली.

ग्रंथालयात आंबेडकरांच्या व्यक्तिगत संग्रहातील ग्रंथ आहेत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुढे १९५३ मध्ये वाणिज्य आणि १९५६ मध्ये विधी महाविद्यालय काढले.

सकाळच्या वर्गांचा हा उपाय शहरापुरता होता. खेड्यातल्या विद्यार्थ्याची अडचण अंतराची. बुलढाण्याजवळच्या देऊळघाटसारख्या गावाला मुंबईपेक्षा औरंगाबाद कितीतरी जवळ. तेथे सोसायटीने १९५० मध्ये काढलेले, पुढे 'मिलिंद' नावाने प्रसिद्ध झालेले महाविद्यालय वसतिगृहांच्या आधारावर वाढले. गाव व काम न सोडता पदवी घेण्याची सोय नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे झाली. त्याची स्थापना १९८९ ची.