पोर्ट सईदचं पत्र आणि येरवड्याचे वकील

२४ सप्टेंबर जवळ आला की आपल्या ग्रुपांवर तोच वाद पेटतो. बाबासाहेबांनी पुणे करारावर सही करायला हवी होती का? स्वतंत्र मतदारसंघ गेले नसते तर आज चित्र काय असतं? या वादात मीही पुष्कळ रात्री जागवल्या आहेत आणि तो वाद फालतू आहे असं मी म्हणणार नाही. पण सहीनंतरच्या सात आठवड्यांत जे घडलं त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. आजच्या तरुण वकिलांना, कार्यकर्त्यांना खरं कामाचं आहे ते तिथेच आहे.

आधी त्या तुरुंगाच्या आवाराकडे एकदा वकिलाच्या नजरेने बघू. आंब्याच्या झाडाखाली खाट, खाटेवर गांधी. ते स्वतः बॅरिस्टर, आणि १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली खटल्याशिवाय डांबलेले. मध्यस्थी करणारे सप्रू, जयकर, राजगोपालाचारी, सगळे नामांकित वकील. समोर एकेचाळीस वर्षांचे बॅरिस्टर आंबेडकर, आणि साऱ्या देशाचा दबाव त्यांच्या एकट्याच्या मानेवर. २० सप्टेंबर १९३२ ला उपोषण सुरू झालं, २४ ला करार झाला. चारच दिवस! माणूस मरायला टेकलाय असं सांगून ज्याच्याकडून सही मागितली जाते, त्याची संमती खरी मानायची का, हा कायद्याच्या पहिल्या वर्षाचा प्रश्न आहे. उत्तर ज्याने त्याने काढावं.

पण त्या दबावातही त्यांनी काय काय लिहून घेतलं ते बघा. प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा. केंद्रीय कायदेमंडळात सर्वसाधारण जागांपैकी १८ टक्के. आणि शेवटची दोन कलमं, जी आपल्या भाषणांत कधी येत नाहीत: स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत आणि सरकारी नोकरीत अस्पृश्य म्हणून कुणाला अडवायचं नाही, आणि प्रत्येक प्रांताच्या शिक्षणाच्या अनुदानातून अस्पृश्यांसाठी पुरेशी रक्कम वेगळी काढायची. गमावलं ते मोठंच होतं. पण हाती आलं ते कागदावर, कलमवार आलं. तोंडी आश्वासनावर हा माणूस उठला नाही.

करारानंतर सहाच दिवसांनी, ३० सप्टेंबरला, मुंबईत सवर्ण पुढाऱ्यांनी अस्पृश्यता निवारणासाठी एक संघटना काढली. तिचंच पुढे हरिजन सेवक संघ झालं. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस अमृतलाल ठक्कर. पैसा होता, देशभर शाखा काढायची ताकद होती. सुरुवातीला मध्यवर्ती मंडळावर बाबासाहेब, श्रीनिवासन आणि एम. सी. राजा यांनाही घेतलं होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर येरवड्याच्या करारातून देशातली एक बलाढ्य ‘एनजीओ’ जन्माला आली. तिने काम काय करायचं, हे ठरायचं बाकी होतं.

बाबासाहेब तेव्हा तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी निघाले होते. बोट पोर्ट सईदला असताना, १४ नोव्हेंबर १९३२ रोजी, त्यांनी ठक्करांना एक लांबलचक पत्र लिहिलं. ते पत्र प्रत्येक कार्यकर्त्याने वाचायला हवं. १९४५ च्या त्यांच्या काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात ते सापडतं. त्यातला मुद्दा असा. अस्पृश्यांच्या उद्धाराचे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, माणसाची अवस्था वाईट आहे कारण तो स्वतः वाईट आहे. म्हणून त्याची दारू सोडवा, व्यायामशाळा काढा, वाचनालयं, शाळा, सहकारी पेढ्या काढा. दुसरा म्हणतो, माणसाला परिस्थितीने खाली दाबलंय. ती परिस्थिती बदला. बाबासाहेब दुसऱ्या पंथाचे. संघाने पहिलं काम कोणतं हाती घ्यावं? नागरी हक्कांची मोहीम. विहीर, शाळा, चावडी, सार्वजनिक रस्ता आणि वाहन, हे सगळं अस्पृश्यांना खुलं करून घ्यायचं, गावागावात जाऊन.

आणि पुढचं वाक्य लिहायला धाडस लागतं: असं केलं की दंगे होतील, डोकी फुटतील, हेही त्यांनी त्याच पत्रात सांगून टाकलं. तरी मागे हटू नका, कारण त्या संघर्षाशिवाय सवर्ण माणूस विचारच करायला लागणार नाही. त्यासाठी खेड्यापाड्यांत कार्यकर्त्यांची फौज लागेल. आणि हे कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्यांतूनच घ्या, कारण पगारासाठी आलेला कुठेही काम करील, पण ज्याच्या अंगावर ते ओझं आहे तो हे काम आपलं समजून करील.

संघाने ही वाट घेतली नाही. वसतिगृहं, शिष्यवृत्त्या, दवाखाने, विहिरी. वेगळ्या विहिरी, बरं का! गांधींचं म्हणणं असं की हा संघ म्हणजे सवर्णांचं प्रायश्चित्त, म्हणून सूत्रं सवर्णांकडेच राहायची. बाबासाहेब बाहेर पडले. श्रीनिवासन आणि राजाही राहिले नाहीत. ज्यांच्यासाठी संस्था, ते संस्थेत नाहीत, ही परंपरा तिथूनची. सेवा आणि हक्क यांच्या वाटा इथे फुटल्या. तेव्हापासून दलितांसाठी काम करतो म्हणणाऱ्या प्रत्येक संस्थेला मी हाच प्रश्न विचारतो: तू ठक्करांच्या टेबलावर बसलेला आहेस की पोर्ट सईदच्या बोटीवर?

हे पत्र नुसतं रागातून आलेलं नव्हतं. लिहिणारा माणूस आधी स्वतः एक संस्था चालवून बसला होता. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली तेव्हा भीमराव आंबेडकर तेहेतीस वर्षांचे होते. ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन दोन वर्षं झालेली, मुंबई उच्च न्यायालयाची सनद मिळून जेमतेम एक वर्ष. वकिली बेताचीच. अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ द्यायला सॉलिसिटर तयार नसत. सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, पण कारभार बाबासाहेबांच्या व्यवस्थापक मंडळाकडे, चिटणीस सीताराम शिवतरकर. शिका, संघटित व्हा, चळवळ करा, हे सभेचं ब्रीद. सभेने सोलापूरला वसतिगृह काढलं, वाचनालयं काढली, म्हणजे पहिल्या पंथाचं कामही केलं. पण उद्देशांत गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणं हेही होतं. १९२८ च्या मे महिन्यात सायमन कमिशनला सभेच्या वतीने निवेदन गेलं, आणि त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला बाबासाहेबांची साक्ष झाली ती पुण्यात. त्याआधी १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ प्रकरणात दिनकरराव जवळकर आणि केशवराव जेधे यांना खालच्या कोर्टात शिक्षा झाली, तेव्हा अपिलात त्यांना सोडवून आणणारे वकीलही तेच. तेही पुण्यातच. तरुण वकील, एक छोटी संस्था, फार थोडे पैसे, आणि कागद पक्का ठेवण्याची सवय. आज आपण ज्याला मानवी हक्कांची वकिली म्हणतो तिचं आपल्याकडचं पहिलं कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होतं, हे आपणच विसरलो.

महाडचं उदाहरण तर शिकवणीसारखं आहे. २० मार्च १९२७ सगळ्यांना पाठ आहे. पण डिसेंबरमधला भाग आपण घाईने उरकतो. सवर्णांनी १२ डिसेंबरला दिवाणी दावा लावला, १४ ला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. प्रतिवादी क्रमांक एक, डॉ. आंबेडकर. हजारो माणसं तळ्यावर जायला आलेली, आणि नेत्याला सांगावं लागलं की थांबा. किती जड गेलं असेल ते! त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली, पाणी मात्र कोर्टाकडे गेलं. मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. दावा जून १९३१ मध्ये फेटाळला गेला. ठाण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी जानेवारी १९३३ मध्ये अपील फेटाळलं. उच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल १७ मार्च १९३७ चा. सव्वानऊ वर्षं! मधल्या काळात तीन गोलमेज परिषदा, एक पुणे करार आणि येवल्याची घोषणा होऊन गेली, पण तारखा सुटल्या नाहीत.

निकालाबद्दल भाबडेपणा नको. अस्पृश्यता बेकायदा आहे असं न्यायालयाने म्हटलं नाही. अस्पृश्यांना वगळण्याची पुरातन रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, एवढंच म्हटलं. जिंकलो ते पुराव्याच्या मुद्द्यावर. गंमत म्हणजे निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादला गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच न्यायाधीश. त्या शिक्षेवर गांधी आले ते येरवड्यालाच.

आता येरवड्याच्या आजच्या रस्त्यावर या. तुरुंगापासून फार लांब नाही, डेक्कन कॉलेज रस्त्यावर माणुसकी नावाचं केंद्र आहे. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणांचं सत्यशोधन, पाठपुरावा, पीडितांना कायद्याची मदत, दलित आणि भटक्या-विमुक्तांतल्या तरुणांचं प्रशिक्षण असं त्यांचं काम. खैरलांजीनंतर माणुसकीच्या नागपूरच्या मंडळींनी जो अहवाल तयार केला, त्याने ‘गावातलं भांडण’ ही सुरुवातीची गोष्ट मोडून काढायला मदत केली. अशा कामाला टाळ्या पडत नाहीत. पण कोर्टात शेवटी कामाला येतो तो असाच कागद.

खैरलांजीतच त्याची किंमत कळली. २९ सप्टेंबर २००६ ला सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे मारले गेले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं आणि शिक्षा सुनावली ती २४ सप्टेंबर २००८ ला. तारीख बघा! सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. उच्च न्यायालयाने २०१० मध्ये फाशीची जन्मठेप केली. पण ॲट्रॉसिटी कायदा लागला नाही. जातीमुळे मारलं हे सिद्ध झालं नाही म्हणे. तेव्हाचं कलमच तसं होतं: पीडित अनुसूचित जातीचा आहे ‘या कारणावरून’ गुन्हा झाला हे दाखवा. मनातलं कारण पुराव्याने कसं दाखवायचं? २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली आणि तिथे ‘माहीत असताना’ असा शब्द आला. दोन शब्दांचा फरक. तो आपोआप झालेला नाही. देशभरच्या संघटनांनी, वकिलांनी हरलेली प्रकरणं मांडून तो मागून घेतला.

त्याच दुरुस्तीत कलम १५ अ आलं. पीडिताला प्रत्येक सुनावणीची सूचना मिळण्याचा हक्क, जामिनाच्या वेळी म्हणणं मांडण्याचा हक्क, आणि पोटकलम १२ मध्ये स्वयंसेवी संस्था, सामाजिक कार्यकर्ते किंवा वकील यांची मदत घेण्याचा हक्क. म्हणजे पोलीस ठाण्यात ‘तू कोण, बाहेर बस’ असं कुणी म्हटलं तर हे पोटकलम दाखवायचं. एका तालुक्याच्या ठाण्यात आम्ही पहाटेपर्यंत बसलो होतो. फिर्यादीत जातीचा उल्लेख घ्यायला कुणी तयार नव्हतं. सोबत नुकतीच सनद मिळालेली एक मुलगी होती. तिने आवाज चढवला नाही, फक्त पुस्तक उघडून कलम वाचत राहिली. पाच वाजता उल्लेख आला.

मग २० मार्च २०१८. महाडच्याच तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ॲट्रॉसिटी कायद्यात अटकेआधी परवानगी आणि प्राथमिक चौकशी घुसवली. प्रकरण महाराष्ट्रातलंच. २ एप्रिलला देश बंद झाला, लोक मेले, ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८ अ आणलं. रस्ता नसता तर संसद हलली नसती. पण रस्त्यावरच्या माणसाला नेमकं काय मागायचं हे शब्दांत सांगणारेही लागलेच.

म्हणून आपल्यातले काही जण तरुण वकिलांच्या संस्थांना ‘एनजीओवाले, प्रकल्पवाले’ म्हणून हिणवतात ते मला अर्धंच पटतं. पटतं ते असं की देणगीदाराच्या कागदावर चळवळ चालत नाही, आणि परदेशी निधीचा परवाना सरकार कधीही काढून घेऊ शकतं. लॉयर्स कलेक्टिव्हसारख्या जुन्या संस्थेचा २०१६ मध्ये गेला. पण पगार घेतो म्हणून माणूस विकला गेला, हा तर्क बाबासाहेबांच्या पत्राविरुद्ध आहे. पूर्णवेळ कार्यकर्ते हवेत असंच ते सांगत होते. प्रश्न तो कुणातून आला आणि कुणाला जबाबदार आहे, हा आहे.

आणि काम संपलेलंही नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे चारांतले तीन, निकाल न लागलेले. तुरुंगांत जातीनुसार झाडू आणि स्वयंपाक वाटून देणारे नियम ३ ऑक्टोबर २०२४ पर्यंत टिकून होते. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ते सर्वोच्च न्यायालयात पडले, आणि त्या याचिकेमागे दिशा वाडेकरांसारख्या आपल्या पिढीच्या वकिलांची मेहनत होती. त्याच निकालाने तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढायला सांगितला. यावर माझी शंका आहे: रकाना गेला की उद्या आपली माणसं आत किती, हे मोजायचं कशावरून?

विधी सेवा कायद्याचं कलम १२ अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील देतं, कोठडीतल्या माणसालाही देतं. वस्तीत हे दहांतल्या दोघांना तरी माहीत आहे का, विचारून बघा. मागे येरवड्याला मुलाखतीसाठी रांगेत उभा होतो. पुढे एक आजी, हातात पिशवी, नातू आत. मी विचारलं, वकील कोण आहे? म्हणाल्या, “कोर्टानं दिलाय म्हणत्यात. नाव नाय माहीत, बाबा.”