इंजिनातली पहिली बाई

व्हॅलेंतिना तेरेश्कोवा हे नाव पाठ्यपुस्तकात तुम्ही वाचलं असेल. रशियातल्या कापडगिरणीत काम करणारी ही मुलगी 16 जून 1963 रोजी अंतराळात गेली आणि पृथ्वीभोवती 48 फेऱ्या मारून परत आली. जगातली पहिली बाई! केवढं कौतुक झालं तिचं. पण तिच्यानंतर दुसरी बाई अंतराळात जायला 19 वर्षं लागली. पहिलीचे हार वाळून जातात, आणि दरवाजा कधी कधी पुन्हा लागतोही.

हे सांगायचं कारण, आज मला आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव यांच्याबद्दल बोलायचं आहे. माहेरच्या त्या भोसले. जन्म 2 सप्टेंबर 1965, शेतकऱ्याचं घर, पाच भावंडांत थोरल्या. कराडच्या शासकीय पॉलिटेक्निकमधून त्यांनी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. खरं तर त्यांना शिक्षिका व्हायचं होतं. मधेच रेल्वेची जाहिरात दिसली, अर्ज भरला, परीक्षेला गेल्या तर सगळे पुरुष. 1989 मध्ये त्या मध्य रेल्वेत सहायक चालक म्हणून लागल्या. आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून आज त्यांना ओळखतात.

सुरुवात झाली मालगाडीपासून, वाडीबंदर ते कल्याण. सहायकाचं काम म्हणजे नुसतं शेजारी बसणं नव्हे. प्रत्येक सिग्नल दिसला की मोठ्यानं पुकारायचा, चालकानं तो परत म्हणायचा. एकाच्या नजरेतून सुटलं तर दुसऱ्याच्या येतं. आपल्या गटात पैसे दोघींनी मोजायचे असतात ना, तसंच. शिवाय ड्युटीला वेळकाळ नाही. रात्री दोनला गाडी असेल तर दोनला निघायचं.

मुंबईच्या उपनगरांतल्या बायकांना लोकलचं काय सांगायचं! 5 मे 1992 रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल धावली. डबे सगळे बायकांचे, पण चालवणारा मोटरमनच. त्या शब्दातच पुरुष बसलेला आहे. 2000 साली सुरेखाताईंनी लेडीज स्पेशल चालवली, तेव्हा कुठे पुढची केबिनही बाईची झाली.

पण मला विचाराल तर त्यांचं खरं कसब घाटात. कर्जत ते लोणावळा चढताना गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, 37 फुटांना एक फूट चढ. उतरताना त्याहून अवघड, कारण एवढं वजन आवरायचं असतं. 2010 मध्ये त्या घाटाचं शिक्षण घेऊन तयार झाल्या आणि 8 मार्च 2011 रोजी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन घेऊन आल्या. 13 मार्च 2023 रोजी सोलापूरहून वंदे भारत आणली. मुंबईच्याच मुमताज काझी यांनीही 1991 मध्ये डिझेल इंजिन हाती घेतलं. त्यांना 2017 मध्ये नारीशक्ती पुरस्कार मिळाला. म्हणजे आपल्याकडे दुसरीला 19 वर्षं थांबावं लागलं नाही.

तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलते. सुरेखाताई लागल्या तेव्हा इंजिनात संडास नव्हता. अलीकडे काही नव्या इंजिनांत बसवला गेला, पण सगळीकडे अजून नाही. तासन्‌तास गाडी चालवायची, पाणी कमी प्यायचं, पाळीच्या दिवसांतही तेच. शेतमजुरीला जाणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. पुरुषांनाही हा त्रास होताच, पण त्याची मागणी जोरात झाली ती इंजिनात बायका आल्यावर.

सुरेखाताईंनी दोन मुलं वाढवली. त्यांचे पती पोलीस खात्यात. सप्टेंबर 2025 मध्ये, 36 वर्षांच्या नोकरीनंतर त्या निवृत्त झाल्या. शेवटची गाडी होती राजधानी, इगतपुरीहून मुंबईपर्यंत. म्हणजे शेवटच्या दिवशीही वाटेत घाट होताच, कसाऱ्याचा.