साखर उतरलेला माणूस

12 नोव्हेंबर 1984. अमेरिकेतलं शार्लट शहर. तुम्ही एका दुकानाच्या दारात उभे आहात. डेथॉर्न ग्रॅहॅम घाईघाईनं आत शिरतो. मधुमेही आहे, साखर उतरतेय, संत्र्याचा रस हवाय. रांग बघून तो तसाच मागे फिरतो आणि मित्राच्या गाडीत बसतो. बाहेर कॉनर नावाचा पोलीस हे बघतो. त्याला संशय येतो.

तुम्ही मागोमाग जाता. कॉनरनं गाडी अडवलीय. मित्र परोपरीनं सांगतोय, साखर कमी झालीय हो! ग्रॅहॅम उतरतो, गाडीभोवती दोन फेऱ्या मारतो, रस्त्याकडेला बसतो आणि बेशुद्ध होतो. आणखी पोलीस येतात, त्याला पालथा करून करकचून बेड्या घालतात. मधुमेहवाले पुष्कळ पाहिलेत, असं कुणी वागत नाही, हा प्यायलाय, असा एकाचा निर्वाळा. शुद्धीवर आल्यावर ग्रॅहॅम म्हणतो, पाकिटात मधुमेहाचं स्टिकर आहे, बघा. त्याचं तोंड बॉनेटवर दाबलं जातं. मग चौघं त्याला उचलून डोक्याकडून पोलीस गाडीत फेकतात. एक मित्र संत्र्याचा रस घेऊन येतो. पोलीस तो देऊ देत नाहीत.

अखेर निरोप येतो, दुकानात काहीच घडलेलं नाही. ग्रॅहॅमला घरी सोडतात. पायाचं हाड मोडलंय, मनगटं कापलीत, कानात आवाज घुमतोय. 1871 च्या नागरी हक्क कायद्याखाली तो दावा लावतो.

दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचतो. आता 15 मे 1989, वॉशिंग्टन. सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांचा निकाल: पोलिसाचा हेतू बघायचा नाही, त्या क्षणी, त्या जागी असलेल्या समंजस पोलिसाला तेवढं बळ वाजवी वाटलं असतं का, एवढंच बघायचं. मागाहून कळलेलं धरायचं नाही. म्हणजे पुढचं सगळं ठाऊक असून आलेल्या तुमची साक्ष बाद! पोलिसाला क्षणात ठरवावं लागतं, हे कोर्टाचं म्हणणं खरंच आहे. पण रस नाकारताना कसली घाई होती?

ही कसोटी पार केली, तरी पुढे पोलिसांच्या संरक्षणाची भिंत असतेच. सर्वोच्च न्यायालयाच्या 1982 च्या हार्लो निकालापासून, ज्या हक्काचा भंग झाला तो घटनेच्या वेळी कायद्यानं स्पष्ट प्रस्थापित झालेला नसेल, तर अधिकाऱ्याकडून भरपाई मिळत नाही.

खटला फेरसुनावणीला शार्लटला परत गेला. ज्युरीनं पोलिसांच्या बाजूनं कौल दिला.