बापासमोर लेक : रीगलची कुळकथा

कुलाब्याच्या तोंडाशी, वेलिंग्टन कारंज्यापाशी उभं राहिलं की एका घराण्याच्या दोन पिढ्या समोरासमोर दिसतात. एका अंगाला राज्य पोलिसांचं मुख्यालय. मूळचं ते खलाशांचं वसतिगृह, १८७६ साली पुरं झालेलं. पुढे महाराष्ट्राची विधानसभाही तिथेच भरे. त्याचे वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, म्हणजे बोरीबंदर स्टेशनचेच कर्ते. दुसऱ्या अंगाला रीगल सिनेमा. तो त्यांच्या मुलाचा, चार्ल्स स्टीव्हन्सचा.

बापाच्या इमारतीला घडीव दगड, कमानी, सावलीचे व्हरांडे. लेकाच्या इमारतीला सिमेंटच्या गुळगुळीत भिंती आणि रेखीव पट्टे. सत्तावन्न वर्षांत एवढं अंतर का पडलं? केवळ फॅशन बदलली म्हणून, असं मला वाटत नाही. १४ मार्च १९३१ ला गिरगावात मॅजेस्टिकच्या पडद्यावर ‘आलम आरा’ बोलू लागला. आता नुसता अंधार पुरेना. रस्त्यावरचा गलकाही बाहेर ठेवायला हवा. म्हणजे दारं-खिडक्या बंद. पण मुंबईच्या उकाड्यात बंद दालन म्हणजे भट्टीच! वातानुकूलन आलं तेव्हा हा पेच सुटला. व्हरांड्याचं कामच उरलं नाही आणि कोरी भिंत हाच इमारतीचा चेहरा झाला. काँक्रीटमुळे प्रेक्षकाच्या नजरेआड येणारे खांबही टळले.

फ्रामजी सिधवा यांनी हे थिएटर बांधवून घेतलं. १४ ऑक्टोबर १९३३ ला लॉरेल-हार्डीच्या ‘द डेव्हिल्स ब्रदर’ने पडदा उघडला. संपूर्ण वातानुकूलित दालन आणि मोटारी ठेवायला तळघर, याचं त्या काळी केवढं अप्रूप! आतली सजावट कार्ल शारा या चेक कलावंताची. फिक्या नारिंगी आणि हिरव्या रंगांत त्याने सूर्यकिरणांची नक्षी फाकवली होती. दिवे मालवण्याआधी डोळ्यांना मिळणारं ते शेवटचं ऊन. पुढे रुंद पडद्याचा जमाना आला आणि ही सजावट गेली. मला ती हानी फार मोठी वाटते.

दर्शनी भाग मात्र ओळखीचा राहिला आहे. तिथे नाटकाचे दोन मुखवटे आहेत, एक हसरा, एक रडवा. समोर वसतिगृहाच्या त्रिकोणी माथ्यावर थोरल्या स्टीव्हन्सच्या काळचा समुद्रदेव नेपच्यून अजून आहे, जलपऱ्या आणि सागरी घोड्यांसह.