तांदळातलं पहिलं अक्षर

दसऱ्याला पाटीवर एकाचे आकडे जोडून आपण सरस्वती काढायचो, आठवतंय? त्याच दिवशी केरळात देवळादेवळांतून 'विद्यारंभम्' असतो. गुरुजी पोराच्या जिभेवर सोन्याच्या अंगठीने अक्षरं काढतात, मग त्याचं बोट धरून तांदळात गिरवतात: 'हरि श्री गणपतये नमः'. पोर भोकाड पसरतं, ते वेगळंच! आपण 'श्रीगणेशा केला' म्हणतो ना, तसं मल्याळममध्ये 'हरिश्री'.

तिरूरजवळ तुंचन परंबू म्हणून जागा आहे, १६व्या शतकातल्या एळुत्तच्छन या कवीची. तिथे लेखकमंडळी मुलांना गिरवायला बसवतात. एम. टी. वासुदेवन नायरही बसवायचे. जात-धर्म कुणी विचारत नाही.

पण हे पूर्वीपासून असं नव्हतं बरं का. मला या दिवशी पंचमी आठवते. पुलया या दलित जातीतली पोर. १९१०च्या सुमारास नेते अय्यनकाळी तिला ऊरुट्टंबलमच्या सरकारी शाळेत घेऊन गेले. वरच्या जातीच्या लोकांनी काय करावं? शाळाच पेटवून दिली! शाळेत मुलांना घ्यावं म्हणून अय्यनकाळींच्या माणसांनी शेतातली कामंही बंद ठेवली होती.

त्या आगीतून वाचलेला एक बाक त्या शाळेत अजून जपून ठेवलाय.